वांद्र्याची संस्था, भिवंडीची मुले : विशेष बालशिक्षणाच्या प्रशिक्षणाचा इतिहास

अली यावर जंग राष्ट्रीय श्रवणविकलांग संस्था ९ ऑगस्ट १९८३ रोजी मुंबईत स्थापन झाली. केंद्र सरकारच्या समाजकल्याण मंत्रालयाने उभी केलेली ही स्वायत्त संस्था वांद्रे रेक्लमेशनला, किशनचंद मार्गावर आहे. सरकारची आणि कायद्याची भाषा बदलत गेली, तसे संस्थेचे नावही बदलले. आज ती 'अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण दिव्यांगजन संस्था' आहे. एवढे लांब नाव बोलण्यात टिकत नाही. पालक आणि विद्यार्थी दोघांच्याही तोंडी नुसते 'अली यावर जंग' असते.

संस्थेचे काम तीन पदरी आहे : तपासणी व उपचार, संशोधन, आणि या क्षेत्रात काम करणारी माणसे तयार करणे. येथे विचार करायचा आहे तो तिसऱ्या पदराचा, त्यातही सहा वर्षांच्या आतल्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा. चार दशकांत सर्वांत मोठा बदल याच भागात झाला. भिवंडीसारख्या शहराचा या संस्थेशी खरा संबंध येतो तोही इथेच.

ज्यांचे नाव संस्थेला दिले आहे ते नवाब अली यावर जंग मूळचे हैदराबादचे. उस्मानिया आणि अलीगढ मुस्लिम या दोन विद्यापीठांचे ते कुलगुरू होते, अनेक देशांत भारताचे राजदूत होते, आणि १९७१ पासून १९७६ च्या डिसेंबरात निधन होईपर्यंत महाराष्ट्राचे राज्यपाल होते. मुंबईकरांना हे नाव पश्चिम द्रुतगती मार्गाच्या पाट्यांवरूनही ओळखीचे आहे.

संस्था निघाली तेव्हा कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाला मुंबईत शंभर वर्षे होत आली होती. देशातली या प्रकारची पहिली शाळा १८८० च्या दशकात माझगावला, रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पुढे कलकत्ता, बडोदा अशा ठिकाणी शाळा निघाल्या. या शाळांत मूल दाखल होई ते सहसा शाळेच्या वयात, कधी त्याहूनही उशिरा. तोवर त्याच्या वाट्याला घरातल्या खुणा सोडल्या तर भाषा अशी आलेलीच नसे. शिक्षक जुन्या शिक्षकाच्या हाताखाली शिकत आणि वर्गात उभे राहत. ओठांच्या हालचाली वाचणे, गळ्यावर हात ठेवून आवाजाची थरथर ओळखणे, आरशासमोर उच्चार बसवणे, असा तो अभ्यास होता. त्यातून काही मुले बोलू लागली, पुष्कळशी लिहूवाचू लागली. भाषा शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे मात्र शाळेच्या दारात येण्याआधीच निघून गेलेली असत. चुकत होते ते शिकवण्यात फारसे नव्हते, वेळेत होते.

स्वातंत्र्यानंतर वैद्यकीय बाजूने काम सुरू झाले. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ साली निघाली आणि १९६६ साली मुंबईच्या नायर रुग्णालयात, टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, वाक् व श्रवण विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. आता श्रवणतज्ज्ञ तयार होऊ लागले, पण ते रुग्णालयात बसत, शिक्षक शाळेत. एकाच मुलाला पाहणारे हे दोघे एकमेकांशी फारसे बोलत नसत. श्रवणाचा आलेख काढणाऱ्याला त्या मुलाची वही माहीत नसे आणि वही तपासणाऱ्याला आलेख वाचता येत नसे.

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे वर्ष अपंग व्यक्तींचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्याच्या मागेपुढे केंद्र सरकारने एकेका अपंगत्वासाठी एकेक राष्ट्रीय संस्था उभी केली. दृष्टिहीनांसाठी डेहराडूनला, अस्थिव्यंगांसाठी कलकत्त्याला, मतिमंदांसाठी १९८४ साली सिकंदराबादला, आणि कर्णबधिरांसाठी मुंबईला. अपंगत्वाची अशी खातेनिहाय वाटणी कागदावर सोयीची होती. प्रत्यक्षात एकाच मुलाला ऐकू येत नाही आणि त्याचे स्नायूही आखडलेले आहेत, असे वारंवार दिसते. त्या मुलाच्या पालकांना दोन शहरांतल्या दोन संस्थांची पायरी चढावी लागणार, हे त्या वाटणीतच ठरून गेले होते. ही चूक दुरुस्त व्हायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

मुंबईच्या संस्थेत श्रवणतज्ज्ञ आणि शिक्षक प्रथमच एका छताखाली शिकू लागले. वाक् व श्रवण विषयातील पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम, आणि कर्णबधिरांच्या शिक्षकांसाठी मुंबई विद्यापीठाशी संलग्न बी.एड. हे सुरुवातीच्या काळापासूनचे मुख्य अभ्यासक्रम. कलकत्ता, सिकंदराबाद आणि दिल्ली येथे प्रादेशिक केंद्रे निघाली. दिल्लीचे केंद्र पुढे नोएडाला गेले. विशेष शिक्षणाचे बी.एड. आता दोन वर्षांचे आहे. ही पदवी मुख्यतः शालेय वयासाठी होती. तिच्यातून तयार झालेला शिक्षक चौथीच्या मुलाला अपूर्णांक शिकवू शके. आठ महिन्यांच्या बाळाचे काय करायचे, याचे उत्तर त्या अभ्यासक्रमात पुरेसे नव्हते.

प्रशिक्षणाला कायद्याचा आधार मिळाला तो भारतीय पुनर्वास परिषदेमुळे. परिषद १९८६ साली नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झाली, १९९२ साली तिचा कायदा झाला आणि १९९३ पासून तिला वैधानिक दर्जा आला. त्यानंतर विशेष शिक्षक, श्रवणतज्ज्ञ, वाक् उपचारतज्ज्ञ यांना परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याखेरीज काम करता येईनासे झाले. अभ्यासक्रमाचे तास, प्रत्यक्ष कामाचे तास, प्राध्यापकांची पात्रता हे सारे देशभर एकसारखे ठरले. त्याने दर्जा सांभाळला गेला, यात शंका नाही. मात्र दार अरुंद झाले हेही खरे. वस्तीत वर्षानुवर्षे काम केलेल्या पण पदविका नसलेल्या बाईला या नोंदवहीत जागा नव्हती, आणि पदविका असलेली व्यक्ती वस्तीत यायला सहसा तयार नव्हती.

वय खाली आणण्याचे काम तंत्राने केले. पूर्वी बाळाला ऐकू येते की नाही हे पाहायचे तर खुळखुळा वाजवून मान वळते का ते पाहत. त्यासाठी मूल किमान मान धरणारे आणि जागे हवे. १९७० च्या दशकात मेंदूच्या खोडातून उमटणाऱ्या विद्युत लहरी नोंदवण्याची पद्धत विकसित झाली, तिलाच आपण 'बेरा' चाचणी म्हणतो. झोपलेल्या बाळावरही ती करता येते. १९७८ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिले, की निरोगी अंतर्कर्ण आवाज ऐकतो तसा स्वतःही अतिसूक्ष्म आवाज परत देतो. त्यावर आधारलेली चाचणी काही मिनिटांत होते. आता जन्मल्याबरोबर पाळण्यातच तपासणी शक्य झाली.

लवकर कळून उपयोग काय, हा प्रश्न विचारणारेही होते. त्याचे उत्तर १९९८ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातून आले. क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्या मुलांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखून काम सुरू झाले त्यांची भाषा उशिरा ओळखलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. त्यानंतर जगभर एक वेळापत्रक रूढ झाले : पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र आणि शिक्षण. हे वेळापत्रक पाळायचे तर सहा महिन्यांच्या बाळाबरोबर काम करू शकणारी माणसे हवीत. शाळेचा शिक्षक येथे चालत नाही, कारण इथे शाळाच नसते. असते ती आई, तिची मांडी आणि घरातला दिवस.

या गरजेतून पूर्वप्राथमिक वयासाठीच्या वेगळ्या पदविका आल्या. श्रवणदोष असलेल्या बालकांच्या विशेष शिक्षणाची एका वर्षाची पदविका ही त्यांतली एक. मतिमंद मुलांसाठी तशीच पदविका सिकंदराबादच्या संस्थेच्या पुढाकाराने चालू झाली. बारावी झालेल्या विद्यार्थिनीला तिथे काय शिकवतात ते पाहिले, की या कामाचे स्वरूप कळते.

पहिला धडा यंत्राचा. श्रवणयंत्र हे चष्म्यासारखे नाही, की घातले आणि दिसले. त्याचा सेल उतरतो, नळीत ओल जमते, कानाचा साचा सैल होतो आणि यंत्र शिटी मारू लागते. लहान बाळाचा कान भराभर वाढतो, म्हणून साचा काही महिन्यांतच बदलावा लागतो; हे न सांगितल्याने पुष्कळ घरांत यंत्र कपाटात जाऊन बसते. शिकाऊ शिक्षिका रोज सकाळी प्रत्येक मुलाचे यंत्र स्वतःच्या कानाला लावून तपासते. मग ती मुलाच्या पाठीमागे किंवा बाजूला बसते, तोंड झाकते आणि सहा आवाज काढते : आ, ऊ, ई, श, स, म. कॅनडात काम केलेले डेव्हिड लिंग यांनी रूढ केलेली ही चाचणी आहे. बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे सगळे स्वर-व्यंजन या सहांच्या आवाक्यात येतात. मूल 'म' ऐकते पण 'स' ऐकत नाही, एवढे कळले तरी आजच्या दिवसाचे काम ठरते. या चाचणीला खर्च शून्य आणि वेळ दोन मिनिटे. म्हणूनच कदाचित तिचे महत्त्व पालकांना पटवून द्यावे लागते.

दुसरा धडा भाषेचा, आणि तो जास्त अवघड. ऐकू येणारे मूल कोणी न शिकवता भाषा उचलते. आजूबाजूला बोलणे चालू असते, त्यातून ते वेचत राहते. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी हे वेचणे बंद असते, म्हणून बोलण्याची जागा मुद्दाम तयार करावी लागते. संस्थेच्या प्रशिक्षणात त्यासाठी काही ठरीव पाठप्रकार आहेत. एक 'कृतीचा पाठ' : मुलांबरोबर लिंबाचे सरबत करायचे आणि प्रत्येक पायरीला बोलायचे, कापू या, पिळू या, किती आंबट, आता साखर. दुसरा भेटीचा पाठ : पोस्ट, भाजी मंडई, स्टेशन बघून यायचे आणि परत येऊन चित्र काढत त्यावर गप्पा मारायच्या. मग गोष्ट, नाट्यीकरण, बातम्या सांगणे. ज्याने आदल्या दिवशी घरी पाहुणे आल्याचे सांगितले त्याच्यासाठी फळ्यावर ते वाक्य उतरते आणि तेच त्याचे वाचनाचे पहिले पुस्तक होते. प्रशिक्षणार्थीची पाठटिपणवही या पाठांनी भरलेली असते. ज्या मुलीने फक्त वाक्ये म्हणवून घेतली तिला कमी गुण, आणि जिच्या पाठात मूल स्वतःहून काही बोलले तिला जास्त, हा येथला दंडक योग्यच म्हणायला हवा.

तिसरा धडा पालकांचा. तीन वर्षांखालच्या मुलाबरोबर शिक्षिका आठवड्यातून तास-दोन तास असते, आई दिवसभर. म्हणून शिकवायचे ते आईला, आणि तेही तिच्या घरातल्या कामांतून. भांडी घासताना, पोळी लाटताना, आंघोळ घालताना काय बोलायचे, किती जवळून बोलायचे, मुलाला उत्तरासाठी किती थांबायचे. लॉस एंजेलिसच्या जॉन ट्रेसी क्लिनिकने १९४० च्या दशकात पालकांसाठी पत्राद्वारे पाठ सुरू केले होते, त्यांच्यामागेही हाच विचार होता. शिकाऊ मुलींना याच भागात सर्वाधिक अडचण येते. एकवीस वर्षांच्या अविवाहित मुलीने तीन लेकरांच्या आईला मूल कसे वाढवावे हे सांगायचे, यातला संकोच कुठल्याही पाठ्यपुस्तकाने जात नाही. तो जातो वर्षभराच्या सरावाने, आणि आईचे आधी ऐकून घेण्याने.

खुणांची भाषा की बोलणे, हा या क्षेत्रातला जुना वाद. १८८० साली इटलीत मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने तोंडी पद्धतीच्या बाजूने ठराव केला आणि त्याची छाया शंभर वर्षे राहिली. भारतातल्या शाळाही बहुतेक तोंडी पद्धतीच्याच होत्या. मधल्या सुटीत मुले हातांनी बोलत आणि तास सुरू झाला की हात खाली. वांद्र्याच्या संस्थेत २००१ साली भारतीय सांकेतिक भाषेचा विभाग सुरू झाला. त्या कामात भाषाशास्त्रज्ञ उलरिके झेशान यांचा मोठा वाटा होता. कर्णबधिर व्यक्ती स्वतः सांकेतिक भाषेच्या शिक्षक म्हणून वर्गासमोर उभ्या राहिल्या, दुभाष्यांचे अभ्यासक्रम निघाले. पुढे २०१५ साली दिल्लीत सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्रच झाले. लहान मुलांच्या शिक्षिकेला आता दोन्ही वाटा ठाऊक असाव्या लागतात. कोणती भाषा, यापेक्षा पहिल्या तीन वर्षांत कोणतीतरी पूर्ण भाषा मुलाला मिळाली का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. वादाच्या भरात दोन्ही बाजूंनी तो बराच काळ बाजूला ठेवला.

याच किशनचंद मार्गावर दुसरी एक संस्था आहे आणि तिचा उल्लेख केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. मिठू अलूर यांनी १९७२ साली स्थापन केलेली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया, आताचे नाव 'अडॅप्ट'. त्यांची मुलगी मालिनी हिला जन्मतः सेरेब्रल पाल्सी होती. इंग्लंडमध्ये तिला मिळाले तसे शिक्षण भारतात कुठेच नाही असे दिसल्यावर त्यांनी स्वतः विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण घेऊन कुलाब्यात शाळा काढली. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, बोलण्याचे उपचार आणि वर्ग असे सारे त्या शाळेत एकत्र होते. त्यासाठी लागणारे शिक्षक देशात नव्हते, म्हणून सोसायटीने सत्तरच्या दशकातच पदव्युत्तर पदविकेचा स्वतःचा वर्ग सुरू केला. कलकत्ता, दिल्ली, बंगलोर, मद्रास येथे उभ्या राहिलेल्या पुढच्या संस्थांना या कामातून वाट मिळाली.

सोसायटीचे आणखी महत्त्वाचे काम धारावीतले. अलूर यांनी लंडन विद्यापीठासाठी केलेल्या संशोधनाचा विषय एकात्मिक बालविकास सेवा योजना हा होता. योजना सर्व बालकांसाठी आहे असे कागद सांगत होते. प्रत्यक्षात अपंग बालके अंगणवाडीच्या बाहेरच राहत होती. सेविका त्यांना हाकलत नव्हत्या. ही मुले आपल्या कामाच्या कक्षेत येतात असे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते. १९९९ पासून सोसायटीने समावेशनाचे राष्ट्रीय साधन केंद्र चालवले, धारावीतल्या वस्त्यांमध्ये बालवाडीच्याच वर्गात अपंग मुले घेतली आणि वस्तीतल्या बायकांना त्यासाठी तयार केले. पदविका नसलेल्या स्त्रीलाही नेमके आणि मर्यादित प्रशिक्षण दिले तर ती लहान मुलाबरोबर उत्तम काम करते, हे तिथे दिसून आले. पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत न मावणारी माणसे या कामात कशी आणायची, याचे उत्तर किशनचंद मार्गावरच शेजारी सापडले म्हणायचे.

अंगणवाडीची मुळे तर भिवंडीच्या ठाणे जिल्ह्यातलीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते काम कोसबाडला गेले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने पाड्यावरच्या अंगणात जावे, ही ताराबाईंची कल्पना. बालसेविकांचे प्रशिक्षण हा त्या कामाचा कणा होता. पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पर्यंत, बोर्डी, कोसबाड आणि भिवंडी हे एकाच जिल्ह्यात होते. केंद्राची बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. मेळघाटातले धारणी आणि मुंबईतले धारावी हे महाराष्ट्रातले आरंभीचे प्रकल्प. नाव गेले, पोषण आहार गेला. ताराबाईंच्या प्रशिक्षणातली प्रत्येक मुलाकडे स्वतंत्रपणे पाहण्याची शिस्त तेवढ्या प्रमाणात गेली नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातही तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातूनच झाली, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून. या कार्यक्रमात डॉक्टरांची फिरती पथके अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातले विलंब यांसाठी मुलांची तपासणी करतात. दोष दिसला तर पुढच्या केंद्राकडे पाठवतात. त्यानंतर दहा वर्षांनी, २०२३ च्या नोव्हेंबरात, महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली : लवकर ओळखणे, अंगणवाडीच्या रोजच्या खेळांत सामावून घेणे, आणि आशा, परिचारिका व तपासणी पथकामार्फत पुढे पाठवणे. २०२४ साली तीन वर्षांखालच्या मुलांच्या विकासासाठी 'नवचेतना' हा आराखडा आला. सेविकेच्या प्रशिक्षणात अपंगत्व हा विषय अशा रीतीने योजना सुरू झाल्यावर जवळजवळ पन्नास वर्षांनी रीतसर आला.

भिवंडीत या सगळ्याची कसोटी लागते. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सात लाखांहून अधिक. यंत्रमाग हा इथला मुख्य व्यवसाय, पाळ्या बारा-बारा तासांच्या, आणि माग बहुधा राहत्या वस्तीतच. मागाच्या शेडमधला आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी हीच कमाल मर्यादा आहे. कामगाराचे कान या आवाजाने जातात. बाळाचा जन्मजात श्रवणदोष मागामुळे होत नाही, पण मागाच्या खटखटाटात तो लपतो मात्र सहज. एरवी शांत घरात दार आपटले तरी न दचकणारे बाळ आजीच्या लक्षात येते. इथे कोणीच दचकत नाही. थाळी वाजवून पाहण्याची घरगुती चाचणीही फसवी ठरते, कारण मुलाला जमिनीची थरथर जाणवते किंवा थाळीवर पडणारा हात दिसतो आणि ते मान वळवते. सगळ्यांना हायसे वाटते आणि वर्ष निघून जाते.

भाषेचा प्रश्न वेगळाच आहे. भिवंडीत घराघरांत मराठी, उर्दू, हिंदी आणि भोजपुरी बोलली जाते, पद्मानगरच्या विणकर वस्तीत तेलुगू, तालुक्याच्या गावांमध्ये आगरी बोली, वाडी-पाड्यांवर वारली आणि कातकरी. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी घरातली एक भाषा ठरवून तिच्यात भरपूर बोलावे, हे प्रशिक्षणातले पहिले सूत्र आहे. आता शिक्षिका मराठीतून शिकलेली, आई भोजपुरी बोलणारी, अंगणवाडी मराठी आणि पुढची शाळा उर्दू असेल, तर आईला काय सांगायचे? शहाणी शिक्षिका आईची भाषा धरते आणि स्वतः दुभाषी शोधते. आईला 'मुलाशी मराठीत किंवा इंग्रजीत बोला' असे सांगितले की ती बोलणेच कमी करते, हा अनुभव सर्वत्र सारखा आहे.

अंतराचेही तेच. भिवंडीला वसई-दिवा मार्गावर स्टेशन आहे, पण मुंबईला नेणारी थेट लोकल नाही. बसने किंवा रिक्षाने ठाणे अथवा कल्याण गाठायचे, तिथून दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग वांद्रे आणि पुन्हा बस. कडेवर मूल, दुसरे बोटाला. वडील रात्रपाळी करून झोपलेले, त्यांचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. अंतर्कर्णात यंत्र बसवण्याच्या, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटच्या बाबतीत हे अंतर निर्णायक ठरते. दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे देणाऱ्या केंद्राच्या 'एडिप' योजनेत २०१४ च्या सुधारणेनंतर जन्मतः बहिऱ्या बालकांसाठी ही शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने होऊ लागली. वय पाच वर्षांपर्यंत आणि सुरुवातीची खर्चमर्यादा प्रत्येक बालकामागे ६ लाख रुपये. योजनेची मध्यवर्ती जबाबदारी वांद्र्याच्या याच संस्थेकडे आहे. पण शस्त्रक्रिया ही सुरुवात असते. त्यानंतर दीर्घकाळ नियमित श्रवण-प्रशिक्षण झाले नाही तर लाखो रुपयांचे यंत्र मुलाच्या कानामागे नुसते चिकटून राहते. आठवड्यातून दोनदा भिवंडी ते वांद्रे हा प्रवास दोन वर्षे करू शकणारे कुटुंब विरळा. म्हणून प्रशिक्षित माणूस शहरातच असला पाहिजे. यंत्राइतकीच ही गरज आहे, आणि धोरणाने यंत्रावर जेवढा पैसा खर्च केला तेवढा माणसावर केला नाही.

अपंगत्वांची खातेनिहाय वाटणी मोडायला सुरुवात झाली ती १७ जून २०२१ रोजी. त्या दिवशी सात राष्ट्रीय संस्था आणि सात संमिश्र प्रादेशिक केंद्रे अशा १४ ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उघडली. वांद्र्याची संस्था त्यांपैकी एक. सहा वर्षांपर्यंतच्या मुलाची कोणत्याही अपंगत्वासाठीची तपासणी, थेरपी आणि पालकांचे समुपदेशन एकाच जागी व्हावे, अशी योजना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून २१ केले होते, त्याला धरूनच हे झाले. प्रशिक्षणावर याचा परिणाम असा, की श्रवणदोषाची शिक्षिकाही आता स्वमग्न मूल आणि सेरेब्रल पाल्सीचे मूल यांच्याबरोबर काम होताना रोज पाहते. तीन वर्षांखाली निदान नेहमी पक्के नसते. न बोलणारे मूल बहिरे आहे, स्वमग्न आहे की नुसते उशिरा बोलणारे, हे ठरायला कधी वर्ष जाते. त्या वर्षात काय करायचे ते या केंद्रांतून शिकता येते.

शालेय बाजूने समग्र शिक्षा अभियानाखाली तालुक्याच्या गट साधन केंद्रांवर समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक नेमलेले असतात. त्यांचे काम पहिलीपासून पुढचे, आणि हाताखाली शाळा पुष्कळ. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तालुक्याच्या पातळीवर असे पद नाही. बालविकास प्रकल्पाची मुख्यसेविका, अंगणवाडी सेविका आणि आशा याच तिथे पहिल्या. त्यांना अल्पमुदतीचे प्रशिक्षण देणे हा वांद्र्याच्या संस्थेच्या कामाचा भाग आहे. एकदा दिलेले दोन दिवसांचे प्रशिक्षण मात्र पुरत नाही. सेविकेने पाठवलेल्या मुलाचे पुढे काय झाले ते तिला कळले तरच ती दुसरे मूल पाठवते. हा निरोप परत येण्याची व्यवस्था हा या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा आहे.

बालकांच्या विशेष शिक्षणाच्या पदविकांना बारावीनंतर प्रवेश मिळतो आणि पुनर्वास परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषद प्रसिद्ध करते. भिवंडीच्या कनिष्ठ महाविद्यालयांतून उर्दू, मराठी, तेलुगू बोलणाऱ्या मुली दरवर्षी बारावी होतात. डी.एड. आणि नर्सिंगच्या जोडीने हा अभ्यासक्रमही त्यांच्यासमोर ठेवण्याचे काम शहरातल्या शाळा, वाचनालये आणि मंडळांनी अंगावर घ्यावे. ज्या घरात बाळ आवाजाकडे वळत नाही, वर्षाचे झाले तरी एक शब्दही बोलत नाही, त्यांनी अंगणवाडीतील तपासणी पथकाची वाट न पाहता इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात किंवा थेट वांद्र्याला जाऊन श्रवणचाचणी करून घ्यावी.